अकरा वाजताचा नवरा

पेंटरच्या बायकोला कुणी विचारलं, की बाई, उभ्या जन्मात तू काम काय केलंस, तर ती मान ताठ करून सांगायची, "सूत धरलं."

ऐकणाऱ्याला काही कळायचं नाही. मग ती समजावून सांगायची, समोरचा घाईत असला तरी अगदी सावकाश. दुकानाची पाटी रंगवायची, भिंतीवर नाव काढायचं, तर आधी सरळ रेघ लागते. वीस हात लांबीची पट्टी आणायची कुठून? म्हणून सूत. ते निळ्या खडूच्या भुकटीत घोळवायचं. एक टोक तिनं धरायचं, दुसरं पेंटरनं. दोघांनी ताणायचं. मग पेंटर एका हातानं आपलं टोक भिंतीला दाबून दुसऱ्या हाताच्या चिमटीत सूत उचलायचा आणि सोडायचा. टण्! भिंतीवर निळी रेघ उमटायची, पाण्याच्या पातळीसारखी सरळ. तिचं टोक जरा सैल पडलं, की रेघ फुगायची. मग शिडीवरून आवाज यायचा, "ढिलं!"

एकतीस वर्षं तिनं सूत धरलं आणि एकतीस वर्षं "ढिलं" ऐकलं. पेंटर कमी बोलायचा. गोड तर बोलायचाच नाही. गिऱ्हाइकाशी हसायचा ते कामापुरतं. पण "ढिलं" हा शब्द त्यानं दुसऱ्या कुणाला कधी म्हटला नाही. तो तिच्या एकटीच्या मालकीचा होता, आणि तिनं तो दागिन्यासारखा जपला होता. गावातली निम्मी नावं माझ्या सुतावर उभी आहेत, असं ती म्हणायची, आणि निम्मी म्हणताना आपण जरा कमीच सांगतोय असा चेहरा करायची.

दुखणं आधी पाटीवर दिसलं, मग पेंटरवर. चपलांच्या दुकानाची पाटी होती. पहिलं अक्षर हातभर, दुसरं वीतभर, आणि असं करत करत शेवटचं अक्षर पाटीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं. दुकानदार म्हणाला, "पेंटर, पाटी झकास. फक्त शेवटच्या अक्षरासाठी एक भिंग टांगून द्या."

पेंटरनं पाटी पुन्हा रंगवली. पुन्हा तेच. त्याच्या हाताला अक्षर लहान होतंय हे कळतच नव्हतं. मग उजवा हात मांडीवर ठेवला, की अंगठा आणि बोट एकमेकांवर घासायला लागली, न दिसणारी गोळी वळत असल्यासारखी. गंमत अशी, की ब्रश उचलला की हात शांत. चालताना पाऊल आखूड पडायला लागलं. आवाज खाली गेला. आणि चेहरा! चेहऱ्यावर कुणी पांढऱ्या रंगाचा हात मारावा आणि वर काही काढूच नये, तसा तो कोरा झाला. बायको काही चांगलं सांगायला जायची, वाईट सांगायला जायची. समोर कोरी पाटी.

मेंदूच्या डॉक्टरांनी त्याला दहा पावलं चालायला लावलं, टिचक्या वाजवायला लावल्या, एक ओळ लिहायला लावली आणि सांगितलं, कंपवात आहे. मेंदूत एक लहानसा भाग असतो, तिथल्या पेशी एक रस तयार करतात, आणि त्या रसाच्या जोरावर मनातला हुकूम हातापायापर्यंत पोचतो. त्या पेशी हळूहळू मरतायत. का मरतायत, ते नक्की कुणी सांगू शकत नाही. मेलेल्या परत येत नाहीत. पण रसाची उणीव गोळी काही तास भरून काढते. गोळी वेळेवर, व्यायाम रोज, आणि पडायचं नाही. एवढं सांभाळलं तर अजून बरीच वर्षं नीट जातील.

"आणि चेहरा?" बायकोनं विचारलं.

"चेहराही त्यातच आला. आत सगळं असतं, बाहेर उमटत नाही."

तिनं मान हलवली. डॉक्टरांनी गोळीबद्दल आणखीही काही सांगितलं, जेवणाआधी अर्धा तास, नुसत्या पाण्याबरोबर. त्यालाही तिनं मान हलवली. पण ते काही तिच्या मनात उतरलं नाही. एवढी जालीम गोळी रिकाम्या पोटी द्यायची? पोट जळून जाईल माणसाचं. सकाळी आठच्या गोळीबरोबर ती त्याला एक उकडलेलं अंडं आणि पेलाभर दूध द्यायला लागली, आणि तोंड पुसून म्हणायची, "आता चढा शिडीवर."

तो शिडीवर चढत नव्हता. तो खाटेवरून मोरीपर्यंतही जात नव्हता. खोलीच्या दारात आला, की पाय जमिनीला चिकटायचे. ती हात धरून ओढायची, मागून ढकलायची. नऊ वाजले, साडेनऊ वाजले, तो तिथंच, चौकटीत बसवल्यासारखा.

"अहो, टाका ना पाय!"

तो काहीतरी पुटपुटायचा. त्याचा आवाज चार बोटांच्या पलीकडे पोचत नव्हता.

मग लेकीनं परगावाहून फोन करून व्यायाम घेणाऱ्या बाईची सोय केली. दवाखान्यातली होती, तिशीची, खांद्याला कापडी पिशवी, हसली की सगळे दात दिसायचे. तिला वेळ होता तो अकराचा.

पहिल्याच दिवशी तिनं पिशवीतून पिवळ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि खाटेपासून मोरीपर्यंत, पाऊलभर अंतर सोडून, जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवल्या.

"काका, दाराकडे बघायचं नाही. पट्टीकडे बघायचं. पट्टी ओलांडायची. एक... दोन..."

आणि पेंटर चालला! पाय उचलून, टाच टेकवून, पट्टी ओलांडत मोरीपर्यंत गेला आणि वळून आला. पेंटरची बायको स्वयंपाकघराच्या दारात ओला हात तसाच धरून उभी.

"बघितलंत काकू? चालायची रोजची वाट मेंदूत बंद पडते. पण डोळ्यांना खूण दिसली, की मेंदू आडवाटेनं पाय उचलतो. आपण फक्त खूण द्यायची."

काकूंनी ते ऐकलं नाही. त्या पेंटरच्या तोंडाकडे बघत होत्या. त्या कोऱ्या चेहऱ्यावर ओठाचा एक कोपरा वर गेला होता, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या आल्या होत्या. पेंटर हसत होता. सहा महिन्यांनी हसत होता, आणि हसत होता तो पट्टीवालीकडे बघून.

त्या दिवसापासून पेंटरच्या बायकोच्या पोटात जे दुखायला लागलं, त्याला कुठल्याच दवाखान्यात गोळी नव्हती.

आता पट्टीवाली बाई काही वाईट नव्हती. वयानं लेकीएवढी, वागायला सरळ, आल्याबरोबर चपला कडेला नीट ठेवणारी. पण तेच तर खुपत होतं. तिच्यात काही खोट सापडली असती, तर पेंटरच्या बायकोचा जीव थंड झाला असता. ती खोट शोधायची. मोठ्यानं हसते. फार हसते. काका काका म्हणते, जशी काही याच घरात रांगली आहे! व्यायाम चालू असताना ती मुद्दाम केर काढायला यायची, मुद्दाम चहा विचारायची, तांब्या मुद्दाम आदळायची. पेंटर मात्र हात वर, हात खाली, एक, दोन. साडेबारापर्यंत टुणटुणीत. आणि पट्टीवालीची पाठ वळली, की दमून झोपायचा.

वरच्या मजल्यावरची शेजारीण जिन्यात भेटली. तिच्या जिभेला हाड नव्हतंच.

"काय गं, पेंटरला नवी पेंटरीण मिळाली म्हणे?"

"व्यायामवाली आहे."

"तेच ते. माझ्या खिडकीतून दिसतं ना. काय चालतात! तू इतकी वर्षं चालवलंस, पण असे काही चालले नाहीत."

पेंटरची बायको हसली. हसताना तिची दाढ दुखली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं केस नीट बांधले, ठेवणीतले कपडे घातले, आणि नऊ वाजता पेंटरसमोर उभी राहून सगळे दात दाखवत म्हणाली, "चला, पट्टीकडे बघा. एक... दोन..."

पेंटरनं पट्टीकडे बघितलं. गुडघे थरथरले. पाय उचलला नाही.

"एक... दोन... अहो, एक!"

काही नाही.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "तिच्यासाठी पाय उचलता. माझ्यासमोर पायाला मुळं फुटतात."

पेंटरचे ओठ हलले. मुद्दाम नाही गं, असं तो म्हणाला होता. पण तोवर ती पाठ फिरवून स्वयंपाकघरात गेली होती.

तिनं मनाशी हिशेब मांडला. सकाळी त्याच्या अंगात ताकद नसते. ताकद आली, तर तो आपल्यासमोरही चालेल. एक अंडं होतं, तिनं दोन केली. दुधाचा पेला होता, तिथं मोठा पेला आला, वर साय. कडेला बसून ती भरवायची, शेवटचा घोट संपेपर्यंत उठायची नाही. पंधरा दिवसांत पेंटरचे गाल भरले. पण सकाळ आणखी वाईट झाली. नऊ, साडेनऊ, दहा, तो दगड. सव्वाअकराच्या सुमाराला, पट्टीवाली त्याची बोटं चोळत बसलेली असताना, दगडात जीव यायचा. आणि जीव आला, की पहिलं हसू तिलाच.

"मला कोण मिळतं माहीत आहे?" ती फोनवर लेकीला म्हणाली. "मला मिळतो आठचा नवरा, नऊचा नवरा, दहाचा नवरा. अकराचा नवरा तिचा."

"आई, काहीतरीच काय! बाबांना आजार आहे."

"आजाराला वेळ बरी कळते."

एक दिवस सकाळी फरशी पुसताना तिनं पहिली पट्टी उपटली. कड जरा सुटली होती, हे खरं. पण दुसरीची सुटली नव्हती. तिसरी तर तिला नखानं खरवडून काढावी लागली. सगळ्या काढून, चुरगळून, तिनं त्या कचऱ्यात टाकल्या आणि कंबर सरळ करून खोली बघितली. खोली पुन्हा तिची झाली होती. जमीन कशी स्वच्छ.

नऊ वाजता पेंटर मोरीकडे निघाला. पाऊलभर आला आणि जमिनीकडे बघत राहिला. त्याला खुणा सापडेनात. घाई लागली होती. तो तसाच पुढं फरफटत गेला, आणि दाराच्या चौकटीत पाय चिकटले. अंग मात्र पुढं गेलं. तिनं धावत येऊन हात धरला आणि ओढला, आणि ओढलं तेच चुकलं. चौकटीच्या कडेवर कपाळ आपटलं. तो गुडघ्यावर आला. भुवईच्या वर लिंबाएवढं टेंगूळ आलं, आणि कपडे ओले झाले.

ती त्याच्याजवळ जमिनीवरच बसली. तो ओरडला नाही, रागावला नाही. त्या कोऱ्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. फक्त डोळ्यांतून पाणी आलं. आत सगळं असतं, हे डॉक्टरांचं बोलणं तिला तेव्हा, सहा महिन्यांनी, ऐकू आलं.

अकराला पट्टीवाली आली. दारातच तिनं जमीन बघितली, मग टेंगूळ बघितलं. पेंटरच्या डोळ्यांत बॅटरी मारली, मान बघितली, चक्कर येते का, उलटी झाली का, विचारलं. दवाखान्यात फोन करून दुपारची वेळ घेतली. मग स्वयंपाकघरात आली. पेंटरची बायको ओट्याकडे तोंड करून उभी होती.

"किती वाजता पडले?"

"नऊला."

"गोळी घेतली होती?"

"आठला. मी कधी चुकवत नाही." मग न विचारता ती म्हणाली, "पट्ट्या मी उपटल्या."

"दिसलं, कचऱ्यात." पट्टीवाली रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "गोळी कशाबरोबर घेतात?"

"दोन अंडी, मोठा पेलाभर दूध. मी काही उपाशी ठेवत नाही त्यांना."

पट्टीवाली स्टुलावर बसली. पहिल्यांदाच ती हसत नव्हती.

"काकू, मी हे पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं. ही गोळी पोटातून रक्तात जाते ती एका दारानं. अंड्यातलं, दुधातलं जे सत्त्व असतं, तेही त्याच दारानं जातं. तुम्ही सगळ्यांना एकदम पाठवलंत, तर दारात गर्दी होते. गोळी बाहेर ताटकळते. आठची गोळी अर्ध्या तासात लागायला हवी. यांची लागते साडेदहाला, अकराला. मी येते ती नेमकी त्या वेळेला. मी जादू करत नाही हो. दार उघडतं तेव्हा मी समोर असते, एवढंच."

पेंटरच्या बायकोनं ओट्याची कड धरली. तिला रडू आलं नाही. आला तो संताप, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. रोज सकाळी उठून, आपल्या हातानं अंडी सोलून, साय घालून, घास घास भरवून, तिनं आपला नवरा अकरापर्यंत लांबवला होता. चांगला परतून, ताटात वाढून, दुसरीच्या पुढं ठेवला होता.

"मग अंडी बंद?"

"बंद नाही. अंगाला लागतातच. ती संध्याकाळच्या जेवणात द्या. सकाळी गोळी आधी, पाण्याबरोबर. अर्ध्यापाऊण तासानं हलकं काही. दुपारी डॉक्टरांकडे चाललोच आहोत, त्यांना विचारून ठरवू. आपल्या मनानं गोळी मागंपुढं करायची नाही, बंद तर कधीच करायची नाही."

"आणि तू अकराला येऊ नकोस."

पट्टीवालीनं वर बघितलं.

"साडेबाराला ये," पेंटरची बायको म्हणाली. "दुपारी एकची गोळी व्हायच्या आधी. आठची उतरत आलेली असेल तेव्हा. तूही बघ जरा दगड."

पट्टीवाली एकदम हसली, सगळे दात दाखवून. "काकू, व्यायामाला गोळी लागलेली वेळ हवी. तो मी तुम्हाला शिकवीन, सकाळी तुम्ही घ्यायचा. पण अडलेला पाय सोडवायला शिकायचं, तर अडतो ती वेळ बघायलाच हवी. येते साडेबाराला. पट्ट्या मात्र उद्याच आणू शकेन, रीळ संपलंय."

"पट्ट्यांचं मी बघते," पेंटरची बायको म्हणाली.

डॉक्टरांनी टेंगूळ तपासलं, काळजीचं नाही म्हणाले, आणि गोळीचं तेच सांगितलं जे सहा महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. या वेळी ते तिच्या मनात उतरलं.

दुसऱ्या दिवशी आठला गोळी आणि पाणी. पेंटरनं सवयीनं अंड्यासाठी हात पुढं केला. "संध्याकाळी," ती म्हणाली. मग माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. आत ब्रश होते, केस ताठ झालेले. रंगवताना हात टेकायची लांब काठी होती. आणि सगळ्यात खाली, निळ्या भुकटीच्या डब्यात, सूत.

साडेआठ वाजून गेले. तिनं पेंटरला भिंतीकडेच्या खुर्चीवर बसवलं. काठीच्या टोकाला सुताचं टोक बांधलं, काठी त्याच्या हातात दिली. दुसरं टोक घेऊन ती समोरच्या भिंतीशी गुडघ्यांवर बसली. सूत जमिनीवर दोघांच्या मध्ये पडलं. त्याचा हात थरथरत होता आणि ती थरथर सुतावरून धावत तिच्या बोटांपर्यंत येत होती.

"दाबा काठी," ती म्हणाली.

त्यानं काठी जमिनीवर रोवली. काम हातात आलं तसा हात शांत झाला. तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतः चिमटीत सूत उचललं आणि सोडलं.

टण् झालं नाही. फट् झालं. रेघ उमटली ती सुजलेली, मध्येच दोन फाटे फुटलेली.

पेंटर रेघेकडे बघत राहिला. त्याच्या कपाळावरचं टेंगूळ आज जांभळं होतं. ओठाचा एक कोपरा हलला, भुवया जवळ आल्या, आणि त्या कोऱ्या पाटीवर हळूहळू, अक्षरामागून अक्षर काढावं तसा, एक जुना, ओळखीचा वैताग उमटला.

"ढिलं!" तो म्हणाला.

आवाज काही शिडीवरचा नव्हता. पण खोलीभर ऐकू आला.

ती जमिनीकडे बघून म्हणाली, "एकतीस वर्षं मी धरलं. तुम्ही एक दिवस धरून दाखवा आधी." आणि तिनं डोळे पुसले, तर निळी भुकटी गालाला लागली.

सात रेघा मारल्या. खुर्ची दोनदा सरकवावी लागली. सातवी बरी आली. मग तो उठला आणि निळ्या रेघा ओलांडत, एक, दोन, एक, दोन, मोरीच्या चौकटीतून आत गेला आणि बाहेर आला. घड्याळात नऊला दहा कमी होते. तिनं ते दोनदा बघितलं.

परत येऊन खाटेवर टेकल्यावर पेंटरनं विचारलं, "ती किती वाजता येणार?"

तिच्या पोटातली ती जुनी कळ लगेच उठली. कुठं गेली नव्हतीच ती.

"साडेबाराला," ती म्हणाली. "का? आठवण आली?"

"रेघा दाखवायच्यात," पेंटर म्हणाला. "पहिली वाकडी आहे. पुसून नीट मार तोवर."

पट्टीवालीनं रेघा बघितल्या, खाली वाकून बोट फिरवून बघितल्या, आणि पिशवीतलं नवं रीळ तरीही काकूंच्या हातात दिलं. पुसताना जातील ना रेघा, रोज रोज कोण मारणार, म्हणाली. त्या दिवशी दुपारी पेंटर दारात दोनदा अडला. दुसऱ्यांदा सुटला तेव्हा पट्टीवालीकडे बघून हसला, आणि स्वयंपाकघरात तांब्या आदळला.

गोळी लागू राहण्याचे तास पुढं आखडत जातील, हे डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलं आहे. ती ते विसरत नाही आणि बोलतही नाही. रोज रात्रीपर्यंत रेघा पावलांनी विटतात, सकाळी ती उरलेल्या पुसून टाकते, आणि साडेआठ वाजले की काठी पेंटरच्या हातात देते. पिवळं रीळ पेटीत आहे, निळ्या भुकटीच्या डब्यामागं. त्याचं वेष्टन अजून काढलेलं नाही.